स्वस्ताईची वर्षं

आमच्या तालुक्यात जुन्या माणसांपाशी घटकाभर बसलं की एक विषय हमखास निघतो. रुपयाला किती पायल्या ज्वारी यायची, चार आण्यांत आठवड्याचा बाजार कसा व्हायचा, तेल-मीठ-मिरची घेऊन वर लेकरांना रेवड्या कशा यायच्या. सांगणाऱ्यानं स्वतः तो काळ क्वचितच पाहिलेला असतो. बापाकडून, आज्याकडून ऐकलेलं तो पुढं सांगत असतो. ऐकणारे हळहळतात, म्हणतात, 'सोन्याचे दिवस होते.' लहानपणी मीही हळहळायचो. माझी आजी मात्र असं बोलणं निघालं की पदर सावरून आत निघून जायची.

ती का उठून जाते, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. ज्या वर्षांना लोक स्वस्ताई म्हणत होते, ती १९२९ नंतरची जागतिक मंदीची वर्षं होती. आजी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, नुकतीच सासरी आलेली. ज्वारी स्वस्त होती म्हणजे ज्वारी पिकवणारं तिचं घर स्वस्तात निघालं होतं. बाजारात घेणाऱ्याच्या तोंडून निघालेला शब्द आपण विकणाऱ्याच्या घरातही तसाच ठेवला, आणि पाहता पाहता एका मोठ्या संकटाची आठवण सुखाच्या आठवणीत मिसळून गेली. ती वेगळी काढून दाखवावी, एवढ्यासाठी या पुस्तकातल्या आठवणी आणि ट्रंकांच्या तळाशी सापडलेली कागदपत्रं एकत्र आणली आहेत. ती वाचण्याआधी वाचकाच्या हाती थोडी पार्श्वभूमी असावी म्हणून ही प्रस्तावना.

कर्जत म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढं मुंबईजवळचं, घाटाखालचं हिरवंगार कर्जत येतं. आमचं कर्जत अहमदनगर जिल्ह्याच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, दक्षिण टोकाचं. खाली भीमा, पूर्वेला सीना, आणि या दोन नद्यांच्या मधे माळरान, खडकाळ बरड आणि अधूनमधून काळ्या जमिनीच्या पट्ट्या. गोदड महाराजांचं कर्जत, यमाईचं राशीन, गणपतीचं सिद्धटेक, मिरजगावची पेठ. पाऊस कमी आणि तोही लहरी. इथलं खरं पीक रब्बीची ज्वारी. उत्तरा आणि हस्ताचा पाऊस झाला तर पेरणी, नाहीतर नांगरून ठेवलेल्या रानाकडं बघत बसायचं. जोडीला करडई, हरभरा, तूर, आणि माळावर धनगरांची मेंढरं.

असल्या मुलखाला दुष्काळ नवा नाही. १८७६-७७, १८९६-९७, लगेच १९०० चा, मग १९१८ चा, त्यात मानमोडीची साथ. बहात्तरचा तर आम्ही स्वतः पाहिला. शाळेत सुकडी खाल्ली, आयाबायांना भर उन्हात खडी फोडताना आणि पाझर तलावाची माती वाहताना पाहिलं. त्यामुळे संकट म्हणजे पाऊस न पडणं, हे आमच्या मनात पक्कं रुजलेलं आहे. मंदीचं संकट या साच्यात बसत नाही. पाऊस पडला, कणसं भरली, खळ्यावर रास लागली, आणि तरीही माणूस बुडाला. हे कसं झालं ते नीट सांगितल्याशिवाय पुढच्या आठवणींचा अर्थ लागणार नाही.

कोरडवाहू शेतकरी बाजाराशी फारसा बांधलेला नसतो, असा एक समज आहे. खायची ज्वारी घरची, डाळ घरची, कडबा घरचा. न्हावी, सुतार, लोहार, चांभार यांना बलुतं धान्यात, सालगड्याचं बरंचसं धान्यात, आणि पेरणी-काढणीला अडलं तर सावड किंवा इर्जिक. हे सगळं खरं आहे. पण दोन गोष्टी रोखीतच द्याव्या लागत: सरकारचा शेतसारा आणि सावकाराचं व्याज. सारा तीस-तीस वर्षांसाठी ठरलेला, रुपयांत. व्याज खतावर लिहिलेलं, रुपयांत. ज्वारीचा भाव वर गेला की हे ओझं आपोआप हलकं होई. भाव पडला की तेच ओझं, कागदावरचा एक आकडाही न बदलता, दुप्पट होई.

आणि भाव पडला. कोलकात्याच्या घाऊक किमतींचा निर्देशांक, १९१४ चे भाव १०० धरून, १९२९ मध्ये १४१ होता. १९३३ मध्ये तो ८७ वर आला. म्हणजे पहिल्या महायुद्धाआधीच्याही खाली. शेतमाल त्यात सगळ्यात जास्त घसरला. समजा, एखाद्या घराला सारा आणि व्याज मिळून चाळीस रुपये भरायचे आहेत आणि एरवी दहा पोती ज्वारी विकून ते भागतात. भाव निम्म्यावर आला की वीस पोती लागतात. वीस पोती गेली की घरात खायला काय राहतं? आणि सारा चुकला तर चौथाईचा दंड, मग जप्ती, मग दावणीची बैलं चावडीपुढं. शेतकरी काही काळ पोटाला चिमटा घेऊन सारा भरत राहिला, कारण जमीन जाणं त्याला उपाशी राहण्याहून भयंकर वाटत होतं.

भाव कशानं पडले याचं सगळं गणित इथं मांडत नाही. त्यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. गव्हापासून साखरेपर्यंत जगभर शेतमालाचे साठे १९२९ च्या आधीच वाढत चालले होते. त्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, अमेरिकेकडून जगाला मिळणारं कर्ज आटलं, आणि देशामागून देश आपला माल मिळेल त्या भावात काढू लागला. आपल्याकडं त्यात एक जास्तीची गाठ होती. १९२७ च्या कायद्यानं रुपयाची किंमत एक शिलिंग सहा पेन्स ठरवून दिलेली. पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्यासारखे मुंबईचे व्यापारी एक शिलिंग चार पेन्ससाठी भांडत होते, कारण महाग रुपयानं शेतकऱ्याच्या मालाला कमी पैसे मिळतात. त्यांचं कोणी ऐकलं नाही. मंदी आल्यावरही सरकारनं तोच दर धरून ठेवला आणि तो टिकवायला बाजारातला पैसा आवळला. राशीनच्या बाजारात रुपया दिसेनासा झाला त्याचं एक टोक लंडनला होतं. हे मी रागानं लिहितो आहे असं वाटलं तर वाटू दे.

आता आजीच्या घराकडं येतो.

आमच्या गावात पांढरीच्या मातीत पेवं होती. जमिनीत पुरुषभर खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आतून सारवून, कडब्याचं अस्तर लावून त्यात ज्वारी भरायची आणि वर दगड ठेवून चिखलानं लिंपायचं. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत. आतली हवा मारते. दगड काढून ठेवायचा, बराच वेळ जाऊ द्यायचा, मग दोरीनं कंदील सोडून बघायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरायचा. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस वास असतो, भाकरीतही तो उतरतो. आजी सांगायची, त्या सालात सासऱ्यांनी पेव उघडलंच नाही. भाव येईल, भाव येईल म्हणत एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. घरात धान्य पुरलेलं, आणि साऱ्याला पैसा नाही. शेवटी सावकाराचा माणूस दारात येऊन बसला तेव्हा पेव फोडलं. वरचा थर काळा पडलेला होता. खालची ज्वारी चांगली निघाली. ती ज्या भावानं गेली तो आकडा आजीनं कधी सांगितला नाही. 'मातीच्या मोलानं' एवढंच म्हणायची.

मग सासूच्या हातातले गोठ गेले. चांदीचे, चांगले जाडजूड, लग्नात घातलेले. ते नगरला सराफाकडं नेले.

या गोठांवर मला थोडं थांबायचं आहे, कारण मंदीच्या इतिहासात सोन्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं आणि चांदीबद्दल फार कमी. २१ सप्टेंबर १९३१ ला इंग्लंडनं सुवर्णमान सोडला. रुपया पौंडाला बांधलेला असल्यामुळे तोही त्याच्याबरोबर खाली गेला आणि रुपयांत सोनं महाग झालं. त्याआधी सरकारी दर तोळ्याला एकवीस रुपये तीन आणे दहा पै होता. पुढच्या वर्षा-दीड वर्षात बाजारभाव तिशीच्या घरात पोचला. देशभरातून डोरली, पुतळ्या, नथी, पाटल्या बाहेर आल्या, मुंबईच्या झवेरी बाजारात वितळल्या आणि विटा होऊन बोटीनं लंडनला गेल्या. कोट्यवधी रुपयांचं सोनं असं गेलं. त्यावर त्या वेळी खूप वाद झाला. पण निदान ज्याच्या घरात सोनं होतं त्याला चढा भाव तरी मिळाला. आमच्या बरडावरच्या बाईच्या अंगावर सोनं असतं किती? चार मणी आणि एखादं डोरलं. तिची सगळी पुंजी चांदीत. गोठ, तोडे, वाळे, सरी, कमरपट्टा. आणि चांदीचा भाव जगभर कोसळला होता. १९२८ मध्ये लंडनला औंसामागं २६ पेन्सच्या आसपास असलेली चांदी १९३१ च्या फेब्रुवारीत १२ पेन्सवर आली. ज्या वेळी ज्वारी निम्म्यानं गेली त्याच वेळी चांदीही पडली. अडीअडचणीला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवलेलं धन नेमकं अडचणीच्या वेळी हलकं निघालं. या पुस्तकासाठी बोलताना बायकांनी हे दुःख जितकं स्पष्ट सांगितलं तितकं पुरुषांनी सांगितलं नाही. पुरुष जमिनीचं सांगतात.

जमिनीचंही सांगायला हवं. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली आणि तो वणवा श्रीगोंदा, पारनेर करत कर्जत तालुक्यापर्यंत आला. त्याच्याही मुळाशी भावाची पडझडच होती. अमेरिकेतल्या यादवीत आपला कापूस सोन्याच्या भावानं गेला, युद्ध संपल्यावर भाव उतरले आणि तेजीत काढलेली कर्जं अंगावर बसली. दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो लागू होता. गहाणखतात कुळाला सवलती मिळू लागल्या. सावकारांनी त्यावर तोड काढली. गहाण लिहून न घेता सरळ खरेदीखत करून घ्यायचं आणि तोंडी सांगायचं, 'पैसे फेड, रान तुझं तुला परत.' कागदावर विक्री, मनात गहाण. पुढं कोर्टाला अशा व्यवहाराच्या पोटात शिरायचा अधिकार मिळाला, पण कोर्टाची पायरी चढायला वकील लागतो, साक्षीदार लागतात, नगरला जायला भाडं लागतं.

चांगल्या काळात हे तोंडी शब्द पुष्कळदा पाळलेही जात. तसं न लिहिणं अन्यायाचं होईल. अडल्या वेळी बियाण्याला ज्वारी देणारा सावकारही याच लोकांच्या आठवणीत आहे. मंदीत मात्र फेडायला रुपयाच नव्हता, आणि सावकारालाही त्याच्या वरच्या पेढीचा तगादा होता. मुदती टळत गेल्या. तोंडी शब्द देणारा मेला, घेणाराही मेला, आणि कागद राहिला. या पुस्तकात छापलेली खतं वाचताना वाचकानं तारखांकडं लक्ष द्यावं. एकेका गावात तीन-चार वर्षांत कशी रांगेनं लिहिली गेली आहेत ते दिसेल. सहीच्या जागी बहुतेक अंगठे आहेत.

आता बेकारीकडं येतो. इथं आम्ही स्वतः सुरुवातीला चुकलो. माणसांना विचारायचो, 'तेव्हा तुमच्या घरात बेकार कोण होतं?' उत्तर यायचं, 'कोणी नाही.' शेतकऱ्याच्या घरात माणूस बेकार कसा असेल? बैलांना पाणी पाजून आणायचं, काडी-कचरा वेचायचा, दिवस जातोच. मग आम्ही प्रश्न बदलला. 'मुंबईहून परत कोण आलं?' आणि घराघरांतून नावं निघू लागली. चुलता आला, आत्याचा नवरा आला, शेजारचा तर बायकापोरांसकट आला.

नगर जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत माणसं आधीपासून जात होती. मंदी यायच्या आधीच गिरणगाव अस्वस्थ होता. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने संप चालला, गिरणी कामगार युनियन त्यातूनच उभी राहिली. मालकांना कमी माणसांत जास्त काम हवं होतं; दोन साचे सांभाळणाऱ्या विणकरावर तीन-चार साचे टाकायचे. मग जपानी कापडाची स्पर्धा, त्यावर मंदी. गिरण्या बंद पडू लागल्या, पाळ्या कमी झाल्या, पगार कापले. १९३४ मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला. रोज पहाटे फाटकापाशी उभं राहून आज बदली मिळते का हे बघणाऱ्यांची गर्दी वाढत गेली.

या गर्दीत महारवाड्यातल्या माणसांचे हाल सगळ्यात जास्त झाले. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागतो म्हणून, विटाळाच्या नावाखाली, त्यांना विणकाम खात्यात घेतच नसत. पगार बरा होता तो तिथंच. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळीच हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं ठणकावून मांडला होता. कताई खात्यातून माणूस निघाला की त्याला दुसरीकडं दारच नव्हतं. तो गावी परतला तर तिथं हाडकी-हाडवळ्याचा वतनी तुकडा, त्यात दहा वाटेकरी, आणि बलुत्याचं धान्य देणारा शेतकरी आधीच हात आखडलेला. मुंबईत चाळीत राहिलेल्या माणसाला पुन्हा येसकर म्हणून उंबऱ्याबाहेर भाकरी मागत उभं राहायला लागणं काय असेल, हे ज्यांनी सांगितलं त्यांचं निवेदन या पुस्तकात एका शब्दाचाही फेरफार न करता दिलं आहे. ते सावकाश वाचावं.

परतणारे दौंडला उतरत. तिथून पायी, मग सिद्धटेकच्या होडीतून भीमा ओलांडून कर्जत तालुक्यात. डोक्यावर ट्रंक, हातात वळकटी. घरच्यांनी विचारलं तर सांगायचं, सुट्टीवर आलोय. ही सुट्टी वर्ष वर्ष चालली.

त्याच सुमारास, १९२९ ते १९३१, जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली शाही मजूर आयोग देशभर फिरत होता. ना. म. जोशीही त्यात सभासद होते. आयोगाच्या अहवालात बऱ्याच चांगल्या शिफारशी आहेत. पण कामगाराचं गावाशी असलेलं नातं ही जमेची बाजू आहे, ते तुटू देऊ नये, असंही त्यात म्हटलं आहे. आजारपण, म्हातारपण, बेकारी आली की त्याला गाव आहे. इंग्लंडमध्ये त्याच वेळी बेकारांना सरकारी भत्ता मिळत होता. तुटपुंजा होता, अपमान करून दिला जाई, तरी मिळत होता. १९३६ मध्ये जॅरोचे दोनशे बेकार चालत लंडनला गेले आणि जगानं त्यांची दखल घेतली. मुंबईच्या बेकाराचा भत्ता कर्जतच्या चुलीवर भाजला गेला. सहा माणसांच्या भाकरीत आठ माणसं जेवली. ज्या घराचा सारा थकला होता, ज्यातले गोठ गेले होते, त्याच घरानं मुंबईच्या गिरणीतली बेकारी पोसली. याची नोंद कुठल्याही सरकारी तक्त्यात नाही. १९३१ च्या जनगणनेत इंग्रजी शिकलेल्या बेकारांना वेगळं मोजून बघण्याचा प्रयत्न झाला. सुट्टीवर आलेल्या गिरणी कामगाराला मोजायला कोणी आलं नाही.

जिल्ह्याची उत्तर आणि दक्षिण यांच्यातलं अंतरही याच वर्षांत रुंदावलं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं होतं, प्रवरेच्या पाण्यावर ऊस उभा होता. १९३२ मध्ये साखर धंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला आणि बाहेरची साखर अडली. बेलापूरकडं टिळकनगर आणि भीमेपलीकडं इंदापूर तालुक्यात वालचंदनगर, अशी धुराडी दिसू लागली. सगळं जग मंदीत असताना तिकडं कामं निघत होती. आमची माणसं कोयता घेऊन तिकडं निघाली, ती पिढ्यान्‌पिढ्या जातच राहिली.

सरकारनं काय केलं, तर उशिरा काही केलं. १९३३ मध्ये सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र निघालं, बांधबंदिस्तीचे प्रयोग सुरू झाले; त्याचा फायदा पुढं झाला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १९३९ मध्ये शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो प्रत्यक्षात येईपर्यंत दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं, भाव चढले होते, आणि ज्यांची जमीन खरेदीखतानं गेली होती त्यांना कर्जदार म्हणून उभं राहणंही कठीण झालं होतं. १९४८ च्या कुळकायद्यानं काहींना कसत असलेलं रान मिळालं, काहींना नाही.

बहात्तरला आमच्या आयाबायांनी खडी फोडली, पण हाताला काम मागायचा हक्क आहे ही कल्पना त्याच खडीच्या ढिगाऱ्यांतून वर आली आणि वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून तिचा कायदा झाला. मंदीतल्या माणसाला काम मागायचंच सुचलं नाही, कारण त्याच्याकडं रान होतं, बैल होते, पिकलेली ज्वारी होती. आपल्याला नेमकं काय झालं आहे हे सांगायला त्याच्यापाशी शब्द नव्हता. लोक म्हणत होते, स्वस्ताई आहे.

आमच्या घरातलं खत या पुस्तकात नाही. ते सापडलं नाही. तलाठी कार्यालयात जुन्या फेरफाराची नोंद मात्र मिळाली. सर्व्हे नंबर, क्षेत्र, रक्कम, 'खरेदीखताने', आणि पणजोबांचं नाव कमी. ही जमीन म्हणजे माळाखालची पट्टी, आमच्या रानातली सगळ्यात काळी. ती गेल्याला आता नव्वद वर्षं होऊन गेली, मधे तिचे मालकही दोनदा बदलले. आता तिच्या कडेनं कुकडीच्या कालव्याची चारी जाते. आजी गेली त्या वर्षीपर्यंत पेरणीच्या दिवसांत घरी आल्यावर विचारायची, 'आपल्या माळाखालच्या पट्टीत वापसा आला का रं?' आणि माझे वडील तिला सांगायचे, 'आला, आई.'